सोन्याची साक्ष

"निळं झालं! निळं झालं!"

बंद पडलेल्या सूतगिरणीच्या गोदामात जमलेली चारपाचशे माणसं एकदम उठून उभी राहिली. मागच्यांना दिसेना म्हणून ते बाकांवर चढले. बाकं पुरेनात तेव्हा एकमेकांच्या खांद्यांवर रेलले. समोरच्या चौथऱ्यावर दिव्याच्या झोतात एक काचेची कुपी होती, शेजारी कापसाच्या बोळ्यांची दोन वाडगी. क्षणापूर्वी तिच्यातलं पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं लालचुटुक होतं. तळवा पुसलेला बोळा आत पडताच ते जांभळं होत होत शाईसारखं निळं पडलं.

"सोनार खोटं बोलेल, सोनं बोलणार नाही," साक्षीबाबा सावकाश म्हणाला. त्याचा आवाज मधाच्या बरणीत बोट फिरवल्यासारखा होता. "या पाण्यात शुद्ध सोनं विरघळलंय. निर्मळ हाताला ते लाजून लाल राहतं. ज्या हातात दोष, त्या हाताला ते विष चढून निळं होतं. बाई, तुमच्या लेकीचा ताप लेकीच्या अंगात नाही. तो तुमच्या हातात आहे. तुम्ही भरवलेल्या प्रत्येक घासात आहे."

ज्या बाईला तो हे सांगत होता ती तळहात पुढे करून तशीच उभी होती. तो हात खाली घ्यायचा असतो हेही तिला सुचेना. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "पोरीला खातेय स्वतःच्या!" आणि दुसऱ्याने हसून दाद दिली. टाळ्या पडल्या.

गर्दीच्या डाव्या कडेला त्या बाईची नणंद उभी होती. त्या बाईची पाच वर्षांची लेक चिंगी तिला आत्या म्हणे, म्हणून आपणही आत्याच म्हणू. आत्या सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त, थुंकी, नाकातले नमुने तपासण्याचं काम करी. तिच्या आईने, म्हणजे चिंगीच्या आजीने, आग्रह धरला म्हणून ती आली होती, आणि मघापासून ती बाबाकडे नाही, कुपीकडे बघत होती. तो लाल रंग ती रोज हाताळत होती. तो रंग कुठून येतो हे तिला ठाऊक होतं. निळा का झाला हे मात्र त्या क्षणी तिला सांगता आलं नाही, आणि ती गप्प बसली. तेवढंच तिला अजून खात राहतं.

गावात तापाची साथ येऊन महिना झाला होता. पोरं पटापट आजारी पडत होती. इस्पितळात रांगा होत्या, आणि रांगेत उभं राहून काय कळायचं, तर विषाणू. विषाणू दिसत नाही, त्याला शिव्या घालता येत नाहीत, त्याला घराबाहेर काढता येत नाही. साक्षीबाबाकडे गेलं की माणूस मिळे. कोणाची सून, कोणाची विधवा बहीण, कोणाचा भाडेकरू. छापखान्यात जन्मभर खिळे जुळवलेल्या एका म्हाताऱ्याच्या हाताने पाणी निळं केलं, तेव्हा मुलाने त्याची वळकटी जिन्याखाली टाकली. आठ दिवसांनी तो गिरणीच्या पायऱ्यांवर मेलेला सापडला. नातू तोवर बरा झाला होता. शंभरात नव्वद पोरं आपसूक बरी होतच होती. पण लोक म्हणाले, बघा, म्हातारा गेला आणि ताप उतरला.

चिंगीच्या आईची रवानगी गच्चीवरच्या खोलीत झाली. पत्र्याची खोली, एक खिडकी, आणि दाराला बाहेरून कडी.

"कडी कशाला, आई?" आत्याने विचारलं.

"मायेने खाली येईल ती. तिच्याच भल्यासाठी आहे." आई नातीच्या जिभेवर बाबाच्या लाल पाण्याचे थेंब सोडत होती. "आणि तू मला शिकवू नकोस. तुमच्या इस्पितळात तरी काय वापरता? सोन्याचंच पाणी ना? तूच सांगत होतीस."

"आमचं सोनं विषाणू ओळखतं, आई. माणसं नाही."

"मग आमचं तुमच्यापेक्षा हुशार!"

दादा, म्हणजे चिंगीचा बाप, खुर्चीत बसून ब्रश धूत होता. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. त्याच्या अक्षराची वेलांटी लांबून ओळखू यायची. आत्याने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघू दोन दिवस."

चिंगीचा तो तापाचा तिसरा दिवस होता. दादाचं 'बघू' चौथ्या दिवशीही झालं, पाचव्या दिवशीही. चिंगी आधी आईला हाका मारत होती, मग नुसतीच रडत होती, मग तेही कमी झालं. वरून पत्र्यावर मुठी आपटल्याचा आवाज येई, तेव्हा आजी रेडिओ मोठा करी. आत्या रोज सकाळी डबा घेऊन कामावर जात होती. आजारी घरात आणखी भांडण नको, असं ती स्वतःला बजावत होती. शहाणी माणसं बहुतेक वेळा असंच काहीतरी बजावत असतात.

सहाव्या दिवशी सकाळी ती वहिनीला चहा द्यायला वर गेली. वहिनीने कप घेतला, तो डाव्या हाताने.

"उजव्याला काय झालं?"

"काही नाही. त्या दिवशी भाजी चिरताना कापलं होतं. बाबांनी तळवा पुसायला कापूस दिला ना, तो असा लागला की डोळ्यांत पाणी आलं. कापूस कसला, खळ घातल्यासारखा कडक होता. तेव्हापासून भरूनच येत नाही." मग ती एकदम कुजबुजली, "वन्सं, खरंच माझ्या हातात काही असेल का हो?"

आत्या जागच्या जागी थिजली. कडक कापूस, आणि जखमेला चरचरणारा!

खाली येऊन तिने झोपलेल्या चिंगीच्या नाकातून काडी फिरवून नमुना घेतला, कोणालाही न विचारता, आणि ती जवळजवळ पळतच इस्पितळात गेली.

तिथलं सोनं काय करत होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. सोन्याचा कण इतका बारीक करायचा की केसाच्या जाडीत चारपाच हजार कण ओळीने मावतील. एवढं बारीक झालेलं सोनं पिवळं राहत नाही, पाण्यात ते लाल दिसतं. कण एकमेकांपासून लांब असले की लाल, एकत्र गोळा झाले की निळं. यात पाप नाही आणि पुण्य नाही, प्रकाशाचा खेळ आहे. विषाणूच्या पोटात चार अक्षरांत लिहिलेली एक लांबलचक ओळ असते. त्या ओळीतल्या एका जागेला बरोबर जुळतील असे छोटे तुकडे प्रयोगशाळेत सोन्याच्या कणांवर चिकटवलेले असत. आधी नमुन्यातल्या ओळीच्या लाखो प्रती काढायच्या, मग त्यात हे कण सोडायचे. विषाणू असला तर त्याची ओळ कणांना धरून जवळ ओढते आणि पाणी निळं पडतं. नसला तर लाल राहतं.

आणि त्याहून मोलाचं काम पुढे होतं. निळी झालेली कुपी हळूहळू तापवायची. अक्षरं तंतोतंत जुळत असतील तर पकड टिकून राहते. एक अक्षर जरी बदललेलं असलं तर पकड ढिली असते. ती दोनतीन अंश आधीच सुटते आणि पाणी पुन्हा लाल होतं. या साथीत एका अक्षराचाच प्रश्न होता. जुन्या विषाणूला नेहमीची गोळी पुरे. बदललेला विषाणू त्या गोळीला दाद देत नव्हता. त्याचं औषध शिरेतून द्यावं लागे, आणि तेही पहिल्या चार दिवसांत. उशीर झाला की तो कानांच्या नसांना धरी.

दुपारी तीन वाजता चिंगीची कुपी निळी झाली. तापवताना आत्या आकड्यांवरून नजर हलवत नव्हती. पकड लवकर सुटली. तिने पुन्हा तपासलं. पुन्हा लवकर सुटली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. उंच, पिकलेल्या केसांची, कोणाची भीड न ठेवणारी बाई. "कितवा दिवस?"

"सहावा."

"तू तीन दिवस काय करत होतीस?"

आत्याने मान खाली घातली. मग तिने कापसाची गोष्ट सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तू घरी जा, पोरीला घेऊन ये. नाही आणू दिली तर मला फोन कर."

नाही आणू दिली. आई दारात आडवी बसली. "सुई टोचली की सोनं रुसतं, बाबांनी स्वतः सांगितलंय. आज संध्याकाळी तिकडे शेवटची साक्ष आहे. तिथे ते बरी म्हणाले तर बरी!" दादा म्हणाला, "तिकडूनच नेऊ इस्पितळात. बाबांना एकदा विचारू आणि नेऊ." चिंगी त्याच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. आत्याने तिच्या कानाशी हाक मारली. तिने डोळे उघडले नाहीत.

आत्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला, मग वर जाऊन कडी काढली. "वहिनी, चला."

गोदाम त्या दिवशी खचाखच भरलं होतं. दारापाशी बाबाची सेविका टेबल मांडून बसली होती. प्रत्येक घरातला कर्ता माणूस तिच्याकडून कागद घेई, आडोशाला जाऊन भरी, घडी घालून टोपलीत टाकी. आजाऱ्याचं नाव, वय, किती दिवस झाले, आणि शेवटचा रकाना: घरात कोणाविषयी शंका? टोपली भरली की पडद्याआड जाई, आणि थोड्या वेळाने बाबा पडद्याबाहेर येई, अंतर्ज्ञान घेऊन.

त्या दिवशीही आला. "कालपर्यंत विज्ञान मला हसत होतं," त्याने सुरुवात केली. "आज विज्ञान माझ्या मागून रांगत येतंय. मोठमोठ्या प्रयोगशाळांत आता काय वापरतात ठाऊक आहे? सोनं! मी त्यांना म्हणतो, या पोरांनो, या, अजून उशीर झालेला नाही."

"आलोच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सरळ चौथऱ्यावर चढल्या. मागोमाग आत्या. जवळून पाहताच तिने बाबाला ओळखलं. दाढी नवी होती, डोळे जुने. तीन वर्षांपूर्वी हाच माणूस प्रयोगशाळेत रसायनांच्या बाटल्या विकायला यायचा. सोन्याचं लाल पाणी त्यानेच पहिल्यांदा पिशवीतून काढून दाखवलं होतं.

"साक्ष घ्यायची आहे," आत्या म्हणाली.

"कोणाची, ताई?"

"या खुर्चीची."

लोक हसले. बाबाही हसला, पण सेविकेने दोन वाडग्यांपैकी डावं वाडगं हळूच मागे सरकवलं. डॉक्टरीणबाईंनी ते उचलून पुढे ठेवलं. आत्याने त्यातला कापूस घेतला, बाबाच्या खुर्चीचा हात पुसला आणि बोळा ओळीने मांडलेल्या लाल कुप्यांपैकी एकीत टाकला. सगळ्यांच्या देखत पाणी निळं झालं.

"खुर्चीच्या हातात दोष आहे," ती म्हणाली. "आता ही चप्पल." बाबाची चप्पल पुसली. निळं. "चप्पलही पापी निघाली. आता बाबांचा तळवा."

"श्रद्धेची थट्टा चालली आहे!" बाबा ओरडला. "अपवित्र हाताने घेतलेली साक्ष—"

"धरा हो त्याला," मागून कोणीतरी म्हणालं. लोकांना आता मजा यायला लागली होती. दोघांनी बाबाचा हात धरला. तळवा पुसला. निळं. टाळ्या पडल्या. तीन दिवसांपूर्वी वहिनीसाठी पडल्या होत्या तशाच, तितक्याच मोठ्या.

"आता उजव्या वाडग्यातला कापूस." तिने त्याच तळव्यावर फिरवला. कुपी लालच्या लाल राहिली. "एकच हात. दोष गेला कुठे? दोष कापसात आहे. डाव्या वाडग्यातला कापूस मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलाय. कोणीही जिभेला लावून बघा." पुढच्या बाकावरच्या एकाने बोळा चोखला आणि तोंड वाकडं केलं. आत्याने पुडीतलं मीठ काढून चिमूटभर आणखी एका लाल कुपीत टाकलं. तीही निळी झाली. "नुसत्या सोन्याचे कण एकमेकांना लांब ढकलत असतात, म्हणून पाणी लाल दिसतं. मीठ पडलं की ते ढकलणं थांबतं, कण गोळा होतात, पाणी निळं. आमच्या कामात नवा माणूस पहिल्याच आठवड्यात हे शिकतो, कारण तो एकदा तरी मिठाने बाटली नासवतोच. तुमच्या घरच्या बायकांचे हात स्वच्छ होते. तुमच्या म्हाताऱ्यांचे हात स्वच्छ होते."

गर्दीतून एक बाई म्हणाली, "पण मग बाबांना कसं कळायचं? माझ्या सुनेवर माझा संशय आहे हे मी कोणाला बोलले नव्हते!"

"लिहिलं होतंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पडदा ओढला. आत फळीवर कागदांच्या फायली होत्या, गल्लीवार लावलेल्या. "बाबाने कोणालाही दोषी ठरवलं नाही. त्याला तेवढीही अक्कल नव्हती. नाव तुम्ही दिलंत, त्याने फक्त मीठ लावलं. ज्याचा कागद त्याने घेऊन जावा. मी वाचणार नाही."

कोणी पुढे आलं नाही. चारपाचशे माणसं आपापल्या पायांकडे बघत होती. छापखान्यातल्या म्हाताऱ्याचा मुलगा खांबाला टेकून उभा होता, त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मग कोणीतरी "मारा!" म्हणालं आणि गर्दी उसळली. बाबाला पाचसहा ठोसे बसले, दाढी उपटली गेली. पण बहुतेकांचे हात त्याच्याकडे गेलेच नाहीत. लोक फायलींवर तुटून पडले. आपापला कागद शोधून फाडत होते, सापडला नाही तर दिसेल तो फाडत होते. एकाने तर कागद चावून गिळला. फसवल्याचा राग थोडा होता. लिहून ठेवल्याचा राग फार होता.

त्या झटापटीत एक कागद उडून आत्याच्या पायाशी आला. तिने उचलला. शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता: बायको. सुंदर, वळणदार अक्षर. वेलांटी लांबून ओळखू येत होती.

वहिनीने तो तिच्या खांद्यावरून वाचला. ती गर्दीत शिरली, नवऱ्याच्या खांद्यावरून चिंगीला काढून घेतली आणि इस्पितळाच्या दिशेने चालू लागली.

चिंगी वाचली. अकरा दिवसांनी ताप उतरला. बाराव्या दिवशी परिचारिकेच्या हातून खाटेशेजारी पत्र्याचा ट्रे पडला. खोलीतली सगळी दचकली, चिंगी खिडकीबाहेर बघत राहिली. दोन्ही कान गेले होते.

दादा रोज यायचा. त्याला आत सोडायचं नाही असं वहिनीने सांगून ठेवलं होतं. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसून राही. एकदा त्याने आत्याला थांबवलं.

"मी काय करणार होतो ग? सेविका रकाना रिकामा घेईना. आईचं नाव लिहिणार होतो का? तुझं?"

"तू 'कोणावर नाही' असं लिहू शकला असतास."

"ते सुचलंच नाही." तो खरंच बोलत होता, आणि म्हणून ते ऐकवत नव्हतं. "मला एकच सांग. हे कशामुळे झालं?"

"ताप विषाणूमुळे आला," आत्या म्हणाली. "त्याला कोणाचा इलाज नव्हता. कान गेले ते तीन दिवस वाया गेले म्हणून. ते कोणामुळे, याचं उत्तर माझ्या प्रयोगशाळेत नाही. त्यात माझंही नाव येईल. तू घरी जा आता."

वहिनी इस्पितळातूनच चिंगीला घेऊन माहेरी गेली. परत आली नाही. जाताना सासूने इस्पितळाच्या दारात उभं राहून हात जोडले. वहिनी त्या जोडलेल्या हातांकडे थोडा वेळ बघत राहिली आणि गाडीत बसली. बाबाला पोलिसांनी नेलं. त्याच्यावर खटला उभा राहिला, पण साक्ष द्यायला गावातून एकही माणूस येईना. साक्ष द्यायची तर आपण काय लिहिलं होतं तेही सांगावं लागलं असतं.

साथ अजून पुरती गेलेली नाही. आत्या रोज सकाळी खिडकी उघडते तेव्हा बाहेर रांग असते. परवा एक भला दिसणारा माणूस मुलाचा नमुना देऊन गेला आणि चार पावलांवरून परत आला. इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून त्याने विचारलं, "ताई, रिपोर्टमध्ये घरातल्या कोणाचं नाव येतं का हो?"

आत्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "नाही येत. विषाणू आहे की नाही ते येतं, तो जुना की बदललेला ते येतं, आणि कोणतं औषध चालेल ते येतं. आमची तपासणी शंभरात दोनदा चुकते. ते आम्ही त्याच कागदावर छापतो, आणि शंका आली तर पुन्हा तपासून देतो. जो म्हणतो माझं कधीच चुकत नाही, त्याला दोन्ही वाडगी उघडून दाखवायला सांगा. त्याने दाखवली नाहीत तर उठून चालू लागा. आणि घरात पोर तापलं तर संशय घेऊन बसू नका, पोराला घेऊन इकडे या. पहिल्या दिवशी या."

तो माणूस मान हलवून गेला. रांग एक पाऊल पुढे सरकली.